यतीनची सिगरेट सुटली

यतीन दामल्याची सिगरेट सुटली, ही बातमी टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या मराठी मंडळींत अशी पसरली की विचारू नका. गणपतीच्या आरतीनंतर शिवानी देवस्थळीने चक्क माइक हातात घेऊन ते जाहीर केलं आणि हॉलभर टाळ्या झाल्या. यतीनने लाजत हात जोडले. वीस वर्षं ओढणारा माणूस, सोडली म्हणजे काय खायचं काम आहे का! बायका अश्लेषाला म्हणाल्या, नशीबवान आहेस हो. तुझ्यासाठी सोडली त्याने.

टाळ्या यतीनला मिळाल्या. सोडवली कुणी, हे कुणी विचारलं नाही, आणि अश्लेषानेही ते सांगितलं नाही.

अश्लेषा इथल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राची संशोधक. यतीन पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. एक मुलगी, केतकी, चौथीत, घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देणारी. तसं सगळं छान चाललं होतं. पण केतकीच्या वेळी अश्लेषाच्या किडनीने जी कुरबुर सुरू केली होती, ती हळूहळू वाढत वाढत गेल्या वर्षी इतकी वाढली की डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, आता दोनच वाटा. डायलिसिस, नाहीतर नवी किडनी. मृत दात्याची वाट बघायची तर या देशात रांग एवढी मोठी की तोवर केतकीचं लग्न होईल. आईला मधुमेह, वडील नाहीत, भावंडं नाहीत. राहता राहिला नवरा. जपानमध्ये रक्तगट जुळला नाही तरी नवरा-बायकोत किडनी बसवतात, डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात दुभाषी नेहमी अश्लेषाच. यतीनचं जपानी म्हणजे नमस्कार, धन्यवाद आणि पिशवी नको. डॉक्टरांचं वाक्य ती मराठीत पुरतं सांगते न सांगते, तोच हा पठ्ठ्या म्हणाला, "माझी घ्या म्हणावं. सांग त्यांना, माझी घ्या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात कपबशी उचलून ठेवण्यावरून भांडणं होणारा हा संसार, आणि हा माणूस असा खिशातून रुमाल काढून द्यावा तशी किडनी देतोय! ते वाक्य जपानीत सांगताना तिचा आवाज कापला.

पुढे ओकाडा-सान आल्या. दाता आणि रुग्ण यांच्यामध्ये सगळी व्यवस्था बघणाऱ्या, गोड आवाजाच्या, पन्नाशीच्या बाई. त्यांनी एक नियम सांगितला आणि तोही अश्लेषानेच मराठीत सांगितला. दात्याशी आम्ही शेवटी एकट्याने बोलतो. त्या वेळी घरचं कुणी नसतं, दुभाषीसुद्धा आमचा असतो, फोनवरून. त्या वेळी दात्याला नको वाटलं तर त्याने तसं खुशाल सांगावं. आम्ही घरच्यांना एवढंच कळवतो की वैद्यकीय दृष्टीने दाता योग्य नाही. खरं कारण कुणालाही कळत नाही.

"ऐकलंस का?" अश्लेषा हसून यतीनला म्हणाली. "पळायला मागचं दार ठेवलंय तुला."

"गप गं," तो म्हणाला. तोही हसत होता.

आता अडचण एकच होती, सिगरेट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तंबाखू पूर्ण बंद झाल्याशिवाय दात्याच्या तपासण्या सुरूच करणार नाही. शेवटी लघवीत निकोटीनचा अंश आहे का तेही बघू.

मग सुरू झाली ती सोडण्याची तऱ्हा. पट्ट्या लावल्या, अंगावर चट्टे उठले. च्युइंगम चघळलं, उचक्या लागल्या. स्टेशनजवळच्या काचेच्या धूम्रपान-खोलीत यतीनची रोजची टोळी जमायची, तिथे तर या विषयावर परिसंवादच झडू लागला. रणजित हा यतीनचा ऑफिसातला दोस्त. त्याने तंबाखू न जाळता नुसती गरम करणारी ती कांडी घेतली होती. "धूर नाही, राख नाही, वास नाही. उपासाला चालते तशी सिगरेट आहे रे ही," तो म्हणायचा. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ती तंबाखूच. झालं! जेपी, म्हणजे जयप्रकाश, टोळीतला सगळ्यांत जुना. त्याचं मत, सोडायची तर एका झटक्यात सोडा, नाहीतर मर्दासारखी ओढा. हे वाफेचं खेळणं तोंडात धरून फिरायचं म्हणजे मोठ्या माणसाने चोखणी घेण्यातला प्रकार. यतीन घरी येऊन सगळ्यांच्या नकला करून दाखवायचा आणि मग जीव कासावीस झाला की खाली जाऊन ओढून यायचा.

शेवटी अश्लेषाने वेप आणली, द्रवाची वाफ करून ओढायची ती ई-सिगरेट. जपानात दुकानातल्या वेपच्या द्रवात निकोटीन नसतंच, तशी परवानगीच नाही, आणि हे जेपीनेच यतीनला ऐकवलं होतं. "नुसता अत्तराचा फाया आहे तो, त्याने कोणाची सुटलीय?" म्हणून मग अश्लेषाने स्वतःपुरतं मागवता येतं तेवढं निकोटीनवालं द्रव बाहेरच्या देशातून मागवलं. डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण शेवटच्या तपासणीआधी तेही बंद.

वेप यतीनला मानवली. सिगरेट हळूहळू मागे पडली. पण वेप मात्र हातातून सुटेना. आंब्याच्या वासाचा ढग सोडत तो सोफ्यावर बसायचा आणि म्हणायचा, "अशू, ही नको काढून घेऊस. ही गेली तर मी उद्याच सिगरेट आणीन, लिहून देतो."

अश्लेषा काढून घेणार नव्हतीच. ती रसायनशास्त्रातली बाई, तिने आपल्या पद्धतीने केलं. बाटली भरायचं काम तिच्याकडेच होतं, कारण जपानी लेबलं वाचायचा यतीनला कंटाळा. ती दर आठवड्याला निकोटीनवालं थोडं कमी घालायची आणि दुकानातलं साधं थोडं जास्त. वास तोच, ढग तोच. उन्हाळा येईतो बाटलीत निकोटीनचा थेंबही उरला नव्हता. नुसती आंब्याच्या वासाची वाफ. आणि यतीन ती ओढून "हां, आता बरं वाटलं" म्हणत होता!

किती वेळा तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं की सगळं मुसळ केरात जाणार, मन खचेल त्याचं. म्हणून तिने ठरवलं, ऑपरेशन होऊन दोघंही शुद्धीवर आलो की सांगायचं. दोन खाटा शेजारी शेजारी असतील, टाके दुखतील, हसता यायचं नाही, तेव्हा सांगायचं. तो कसा चिडेल, याचं चित्र मनात रंगवत ती रात्रीची औषधं घ्यायची. वेडी होती बिचारी.

तपासण्या एकेक पार पडल्या. हृदय, फुप्फुस, साखर, दोन्ही किडन्या. दर वेळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून निकाल सांगितला, दर वेळी अश्लेषाने तो मराठीत सांगितला, आणि निकाल दर वेळी उत्तम. दोन आठवडे वेपही बंद ठेवली आणि शेवटची तपासणी झाली, लघवीची. मग ओकाडा-सान यतीनला आत घेऊन गेल्या आणि दार लावलं. अश्लेषा बाहेरच्या बाकावर बसली. तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती.

पुढच्या आठवड्यात निकालासाठी दोघांना बोलावलं. डॉक्टर नेहमीपेक्षा हळू बोलले.

"दामले-सानना दाता म्हणून घेणं वैद्यकीय दृष्टीने योग्य नाही, असा आमच्या टीमचा निर्णय झाला आहे. नेमकं कारण ही त्यांची खासगी माहिती आहे, ती मी सांगू शकत नाही. आपण आता डायलिसिसची तयारी सुरू करू. मला खरोखर वाईट वाटतं."

अश्लेषा यतीनकडे वळली, सवयीने, मराठीत सांगायला. तो बुटांकडे बघत होता. "काय म्हणाले?" असं त्याने विचारलंच नाही. इतक्या भेटींत पहिल्यांदाच.

बाहेर आल्यावर तोच म्हणाला, "निकोटीन सापडलं गं. परवा मला फोन आला होता, दुभाष्याने सांगितलं. तुला सांगायचा धीर झाला नाही. तुझ्या त्या वेपचं निकोटीन."

तुझ्या त्या वेपचं!

"पण ती तर आपण दोन आठवडे आधी बंद केली होती," ती म्हणाली.

"मधे मधे ओढली मी. लपवलेली बाटली होती एक, तू भरून दिलेलीच. नाही राहवलं. काय करू, व्यसन आहे ते." त्याने तिचा हात धरला. "सॉरी अशू. माझंच चुकलं."

"किती सापडलं?"

"बरंच म्हणे."

तिने भरून दिलेल्या बाटलीत निकोटीन नव्हतंच. बादलीभर ओढली असती तरी सापडलं नसतं. हे या जगात फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतं.

घरी येईपर्यंत तिने डोकं चालवून चालवून शिणवलं. निकोटीन सापडलं असेल तर ते वेपमधून नाही. म्हणजे सिगरेटमधून. म्हणजे हा चोरून सिगरेट ओढतोय आणि पाप वेपच्या माथी मारतोय. असंच असणार! सिगरेट ओढणारी माणसं खोटं बोलतातच, त्यात नवल ते काय? आणि हे मनात येताच, काय सांगू तुम्हाला, तिला हायसं वाटलं. नवरा चोरून ओढतो या विचाराने हायसं वाटलेली बाई उभ्या जपानात ती एकटीच असेल.

कारण तसं नसेल, तर मग ते मागचं दार. आणि त्या दाराकडे बघायचीसुद्धा तिची छाती होत नव्हती.

संध्याकाळी यतीन केतकीला पोहायच्या क्लासला घेऊन गेला आणि अश्लेषाने घर उलथंपालथं केलं. कोटाचे खिसे, लॅपटॉपची बॅग, बुटांचं कपाट, बाल्कनीतल्या कुंड्यांच्या मागे. एक थोटूक मिळावं, एक लायटर मिळावा. त्याचे शर्ट नाकाला लावून तिने हुंगले. साबणाचा वास. देवा, एखादी तरी सिगरेट सापडू दे रे, असं ती खरोखर पुटपुटली. काही मिळालं नाही. तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन आला.

"यतीनने कळवलं बाई. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. त्याने आपल्या परीने केलं ना? शेवटी त्याच्याही जिवाला जपायला हवं, पोर लहान आहे. डायलिसिसवर लोक चांगली वर्षानुवर्षं काढतात, आमच्या सोसायटीतले आपटेच बघ की."

"हो आई," अश्लेषा म्हणाली. सासूबाईंच्या आवाजात दुःख कमी आणि सुटकेचा श्वास जास्त होता. तिने फोन ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि थेट स्टेशन गाठलं.

काचेच्या त्या खोलीशी रणजित होता, हातात ती गरम कांडी. वहिनींना तिथे बघून तो दचकला आणि कांडी मागे लपवत बाहेर आला.

"वहिनी, तुम्ही? ऐकलं मी आत्ताच. फार वाईट झालं हो."

"रणजित, खरं सांगा. तुम्हाला माझी शपथ आहे. यतीन तुमच्यात येऊन सिगरेट ओढतो ना?"

"छे! काय बोलताय!"

"मी रागावणार नाही. उलट बरंच वाटेल मला. हो म्हणा. आठवड्यातून एक? ऑफिसातून सुटल्यावर?"

तिचे डोळे बघून रणजित गडबडला. त्याला वाटलं, वहिनी नवऱ्यावर संशय घेऊन आल्यात. मित्राची बाजू मांडायला तो पुढे सरसावला, आणि त्याने ती मनापासून मांडली.

"वहिनी, उगाच नका त्याच्यावर आळ घेऊ. तो इथे यायचा, पण बाहेर उभा राहायचा. आत पाऊल नाही. जेपीने एकदा मुद्दाम त्याच्या तोंडासमोर पाकीट धरलं तर हा चार पावलं मागे गेला, म्हणाला, वासानेच मळमळतं मला आता. आम्ही त्याच्या वेपला हसायचो हो. मी स्वतः ही कांडी सोडायला म्हणून घेतली आणि आता ऑफिसच्या बाथरूममध्येसुद्धा ओढतो. आधी निदान खाली तरी उतरावं लागायचं! जेपी तर काय, दर नव्या वर्षाला सोडतो. आमच्या सगळ्यांत कुणाची सुटली असेल तर एकट्या यतीनची. गेल्या आठवड्यात तो त्या मुलाखतीहून आला ना, तेव्हा तर इतका हलका वाटत होता! मी म्हटलं, निकोटीनचं काय झालं? तर म्हणाला, तपासणी एकदम स्वच्छ, ओकाडा-सान टाळी वाजवायच्या बाकी होत्या. नंतर पुन्हा तपासून काय सापडलं त्यांना, कुणास ठाऊक. मशीनच बिघडलं असेल. तुम्ही दुसऱ्या दवाखान्यात विचारा."

अश्लेषाने मान डोलावली. "विचारते," म्हणाली. रणजितने तिला पाणी आणून देऊ का विचारलं. नको म्हणून ती वळली.

रस्त्यातल्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, ती शिरली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काउंटरमागच्या सिगरेटच्या भिंतीकडे बघितलं. प्रत्येक ब्रँडला आकडा. यतीन पूर्वी जो आकडा सांगायचा तो तिला पाठ होता. पाकीट घेतलं, लायटर घेतला. पैसे दिले. डोळ्यांत पाणी नव्हतं. रडायची ती वेळच नव्हती. तिला नुसता संताप आला होता. भीती वाटली असेल, मान्य. कुणालाही वाटेल. पोट फाडून घ्यायचं म्हणजे चेष्टा नाही. पण मेल्या, मला सांगायचंस! मी काय बळजबरीने काढून घेणार होते?

घरी दोघं परत आले होते. केतकी आतल्या खोलीत केस पुसत होती. यतीन टेबलाशी बसला होता, समोर वेप. अश्लेषाने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं, वर लायटर ठेवला.

"हे काय?"

"तुझी सिगरेट. आता एक ऐक. तू जी वेप ओढतोस ना, तिच्यात उन्हाळ्यापासून निकोटीन नाही. थेंबसुद्धा नाही. मी कमी करत करत संपवलं. तू ओढत होतास ती नुसती वाफ होती."

आणि, देवाशपथ, यतीनचा चेहरा उजळला.

"म्हणजे... म्हणजे माझी खरंच सुटली? उन्हाळ्यापासून?"

अश्लेषाने त्याला वेळ दिला. आनंद चेहऱ्यावरून उतरायला फार वेळ लागला नाही. निकोटीन नव्हतं, तर सापडलं कसं, हे गणित तर त्याला येत होतंच. तो खुर्चीत खचला.

"अशू, मला झोप लागत नव्हती," तो म्हणाला. "रोज तेच स्वप्न. आई रोज फोनवर रडायची. तुला कसं सांगू? पहिल्या दिवशी एवढ्या तोऱ्यात बोलून बसलो होतो. आणि तू सगळ्यांना सांगितलं होतंस. लोक टाळ्या वाजवत होते. मग त्या बाईंनी विचारलं, तुमच्या मनात नक्की काय आहे, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं."

"माझ्या तोंडावर नाही म्हणायचं होतंस."

"तुझ्या तोंडावर?" तो म्हणाला. "ते कसं जमणार?"

खरं होतं ते. तिला त्याही क्षणी त्याची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला.

"बरं," तो आवाज खाली आणून म्हणाला, "झालं ते झालं. डायलिसिसला मी येत जाईन तुझ्याबरोबर, प्रत्येक वेळी. पण अशू, बाहेर निकोटीनच राहू दे. केतकीलाही मी तेच सांगितलंय."

"नाही. आजवर तुझ्या वतीने सगळीकडे मी बोलले. हे तू बोल." आणि तिने हाक मारली, "केतकी, इकडे ये. बाबांना तुला काहीतरी सांगायचंय."

केतकी ओल्या केसांनी दारात आली. आईकडे बघितलं, बाबाकडे बघितलं. "नानि?" तिने विचारलं. काय?

यतीनने तोंड उघडलं. मिटलं. टेबलावरचं पाकीट त्याने जवळ ओढलं, वरचा कागद नखाने फाडला आणि एक सिगरेट काढून ओठांत धरली. लायटर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पेटला. पहिल्याच झुरक्याला त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. तरी त्याने दुसरा झुरका घेतला.

केतकी जोरात किंचाळली, थांबवायला सांगत होती, जपानीत. मग आईकडे वळून तिने जपानीतच विचारलं, "बाबांनी तर सोडली होती ना?"

अश्लेषाने नवऱ्याकडे बघितलं. तो सिगरेट हातात धरून, मान खाली घालून बसला होता, आणि आता ती काय बोलते याची वाट बघत होता.

"नाही गं," ती मुलीला स्वच्छ जपानीत म्हणाली. "बाबांना सिगरेट सोडता आली नाही. म्हणून डॉक्टर नको म्हणाले."

एवढं जपानी यतीनला कळत होतं. त्याने मान हलवून हो म्हटलं.